नांदत नाही

मोबाइलवर ते पान उघडलं की वाक्य तेच. ‘आपला अर्ज पोलीस ठाणे स्तरावर चौकशीसाठी प्रलंबित आहे.’ सकाळी पोरीची वेणी घालताना तेच, दुपारी डबा खाताना तेच. प्रलंबित हा शब्द सरकारनं मुद्दाम शोधून काढला असावा. तुमचं काम अडकलंय असं तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून प्रलंबित. तरी सुकन्या ते पान दिवसातून दहादा उघडायची.

लातूरला औसा रोडवरच्या एका खासगी शाळेत ती छोट्या गटाची ताई होती. साडेतीन-चार वर्षांची पोरं. त्यांची नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे, गाणी म्हणायची, मध्येच कुणी झोपलं तर मांडीवर घ्यायचं. मग वरून परिपत्रक आलं, की मुलांच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झालीच पाहिजे. परिपत्रकात वावगं काहीच नव्हतं. पेपरातल्या बातम्या वाचून सुकन्याच्याही अंगावर काटा यायचा. तिची स्वतःची रेणुका त्याच शाळेत पहिलीत होती. त्यामुळं अर्ज करणाऱ्यांत तीच पहिली. पुढं एकेकाचे कागद येत गेले. व्हॅनवाल्याचा आला, झाडझूड करणाऱ्या नीलाबाईचा आला, गणिताच्या सरांचाही आला, ज्यांची नुसती चाहूल लागली तरी पोरं गप्प होत. सुकन्याचा तेवढा आला नाही.

मुख्याध्यापिका धम्मप्रिया मॅडम नियमाच्या पक्क्या, पण मनानं कोरड्या नव्हत्या. त्यांनी सुकन्याला समोर बसवून घेतलं. “ताई, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण कागद येईपर्यंत वर्गात जायचं नाही, मुलांना हात लावायचा नाही. महिनाअखेरीला यादी वर जाणार. ज्यांचा कागद नसेल त्यांना मला ठेवता येणार नाही.”

ठेवता येणार नाही म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. सुकन्याचं घर म्हणजे शाळेच्याच आवारातली मागची खोली. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की रेणुकेला घेऊन जायचं कुठं? आईवडील राहिले नव्हते. उदगीरला भाऊ होता, पण भावाच्या दोन खोल्यांत तिची जागा राखीपौर्णिमेपुरती होती.

तेव्हापासून ती खेळाच्या सामानाच्या खोलीत बसून होती. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं, म्हणून पुठ्ठ्याची फुलपाखरं कापायचं काम तिला दिलेलं. खिडकीच्या गजांतून पोरं डोकावायची. “ताई, तुम्ही आजारी हायत का?” “ताई, तुमाला शिक्षा झाली का?” ती हसून हात हलवायची. एकदा छोट्या गटातली एक मुलगी खिडकीसमोरच धडपडली, गुडघा फुटला, आणि सवयीनं रडत थेट सुकन्याकडं हात पसरून आली. सुकन्या उठली, दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. मग तिनं नीलाबाईला हाका मारल्या. नीलाबाई न्हाणीकडून येईतो ती मुलगी दाराबाहेर आणि ताई दाराआत, अशा दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. पोरीला कळेना, की ताई उचलून का घेत नाही. सुकन्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खोलीवर येऊन तिनं रेणुकेला न्हाऊ घातलं, तिची नखं काढली, तेव्हा तिच्या मनात आलं, की या एका लेकराला हात लावायला अजून तरी ठाण्याची परवानगी लागत नाही.

कागद अडला होता नांदेड जिल्ह्यात. लातूरच्या पोलिसांनी केव्हाच ‘निरंक’ लिहून दिलं होतं, म्हणजे बाईच्या नावावर ना गुन्हा ना तक्रार. पण अर्जात कायमचा पत्ता सासरचा पडला होता. सेतू केंद्रातल्या माणसानं मान वर न करता विचारलं होतं, “लग्न झालंय ना? मग कायमचा पत्ता सासरचा.” आणि तिनंही हो म्हटलं. आधार कार्डावर तोच, रेशन कार्डावर तोच. ज्या घरात ती जेमतेम तीन वर्षं राहिली ते कायमचं, आणि जिथं जन्मली ते उदगीर तात्पुरतंसुद्धा नाही. असं कसं, हे त्या वेळी तिला सुचलंच नाही. आपल्याकडं कुठल्या बाईला सुचतं?

नवा अर्ज करावा, तर जुना निकाली निघाल्याशिवाय घेत नव्हते. आधारवरचा पत्ता बदलावा, तर राहत्या जागेचा पुरावा हवा. जागा शाळेची, आणि शाळेची संस्था तसं पत्र फक्त कायम कर्मचाऱ्याला देते. कायम व्हायला काय लागतं? पडताळणीचा कागद. सुकन्यानं हे सगळं एकदा बोटांवर मांडून पाहिलं आणि फिरून पहिल्याच बोटावर आली.

सासर धर्माबादच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं गाव. नवरा वैजनाथ लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हैदराबादला कामाला म्हणून गेला आणि तिथं दुसरं बिऱ्हाड थाटून बसला. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तरी सुकन्या सासरी होतीच. सासूबरोबर मिरच्या निवडत, सासऱ्याच्या अंघोळीचं पाणी काढत. रेणुका दोन वर्षांची झाली, तेव्हा एक दिवस माहेरी जाते म्हणून निघाली ती परत गेलीच नाही. भांडण नाही, काडीमोड नाही. शाळेत नोकरी धरताना तिनं सांगितलं, की नवरा हैदराबादला असतो आणि सासर धर्माबादकडं आहे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला शाळेच्या आवारात खोली कोण देतो, हे तिला पुरतं कळत होतं.

शेवटी एका शनिवारी रेणुकेला नीलाबाईकडं सोपवून ती पहाटेच्या एस.टी.त बसली. अहमदपूर, लोहा करत नांदेड, तिथून धर्माबाद, तिथून जीपनं सासरच्या हद्दीतलं ठाणं. शिवशंकर जमादारांनी तिला बसायला बाकडं दाखवलं. पोट सुटलेला, तोंडात सुपारी असलेला, एकूण बरा माणूस.

“रिपोर्ट तर मी कवाच पाठिवलो की बाई,” ते म्हणाले. “वरून परत आला. त्येला मी काय करू?”

“परत का आला?”

त्यांनी फाइल उघडून तिच्यापुढं सरकवली. गावच्या पोलीस पाटलाचा जबाब होता, एका ओळीचा. ‘सदर महिला गावात नांदत नाही.’

“साहेबानं हे वाचलं, म्हनले, बाई पत्त्यावर ऱ्हातच न्हाई तर चौकशी कुनाची केलात? पत्त्याची खात्री करा. मी पाटलाला फोन लावलो. पाटील म्हनले, नांदत न्हाई. पुन्ना लावलो, पुन्ना तेच. मी काय घरचं लिवून राहिलो का?”

“पण राहत नाही असं ते म्हणालेच नाहीत,” सुकन्या म्हणाली. “ते म्हणाले, नांदत नाही.”

“मंग? दोन्ही येकच की.” जमादारांना खरंच फरक दिसत नव्हता.

सुकन्याला फरक कसा सांगावा ते कळेना. राहायला काय, भाडेकरूही राहतो, गडीही राहतो. नांदायला मात्र सूनच लागते. गडी माणूस कुठं गेला तर कामाला गेला. त्याच्याबद्दल गावात कुणी म्हणत नाही, की वैजनाथ नांदत नाही. आणि बाईबद्दल एवढे दोन शब्द म्हटले, की पुढचं सगळं ऐकणारा स्वतःच्या मनानं भरून घेतो. पाटलानं तिचं चारित्र्यच लिहून पाठवलं होतं. साहेबानं तो पत्ता म्हणून वाचला. कागद खालीवर फिरत होता आणि इकडं तिची नोकरी जायची वेळ आली होती.

“सोपं हाय,” जमादार म्हणाले. “पाटलाकडून नवा जबाब आना. न्हाई शब्द काढून टाका म्हनावं. मी आजच वर सोडतो. कोन हायत तुमच्या गावचे पाटील?”

“अण्णाराव. माझे सासरे.”

जमादारांचं सुपारी चघळणं थांबलं. मग त्यांचा चेहरा खुलला. “अरे, मंग घरचंच काम हाय की!”

ती सासरी पोचली तेव्हा अण्णाराव ओसरीवर खाटेवर बसले होते. सुकन्यानं डोक्यावर पदर घेतला, पाया पडली. सासू विठाबाई आतून आली ती हात पुसतच, आणि सुनेच्या मागं पुढं बघू लागली. “रेनुका कुठाय?” लेकरू आलं नाही हे कळल्यावर ती मटकन खाली बसली.

पाणी झालं, चहा झाला. सुकन्यानं सगळं सांगितलं. अण्णारावांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. गावातल्या कुणाच्या बांधावरून, कुणाच्या भांडणावरून त्यांनी आजवर पैसा घेऊन एक शब्द लिहिला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. सुकन्याची पंचाईत तिथंच होती. लबाड माणसाला निदान पटवता तरी येतं.

“मामा, तेवढा जबाब बदलून द्या. माझी नोकरी जाईल.”

“मी खोटं काय लिवलो? तू नांदून राहिलीस का हितं?”

“तुमचा मुलगा तरी कुठं राहतोय इथं?”

“गडी मानूस पोटामागं जातो.”

“मग निदान माझी वागणूक चांगली आहे एवढं तरी लिहा. त्यांना तेवढंच पाहिजे.”

अण्णारावांनी चहाचा कप खाली ठेवला. “नांदत न्हाई, आन वागनूक चांगली हाय, असं येकाच कागदावर कसं लिवू, पोरी? साहेब हसंल मला.”

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या तर सुकन्या उलटून बोलली असती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“लिवा की वो,” विठाबाई एकदम म्हणाली. “पोरगी दारात आलीया. घरात मानूस न्हाई, कानूस न्हाई. लेक तिकडं, नात तिकडं. मी काय भिताडांसंगं बोलू का? लिवा, नांदती म्हनून.”

मग अण्णाराव उठले, आतून कागद आणि शिक्का घेऊन आले. “लिवतो,” ते म्हणाले. “पर येक ध्यानात घे. आजवर मी खोटं लिवलो न्हाई. लिवलं तर ते तसं व्हाया पायजे. यायचं, जायचं, लेकराला आनायचं. कबूल?”

“हाव मामा, कबूल,” सुकन्या म्हणाली. त्या घडीला ती कशालाही कबूल म्हणाली असती.

‘सदर महिला सासरी नांदते. वर्तणूक चांगली आहे.’ लिहून म्हाताऱ्यानं खाली शिक्का मारला. विठाबाईनं सुनेची ओटी भरली, मिरचीपूड बांधून दिली, आणि जीप हलेपर्यंत दारात उभी राहिली.

साहेबांच्या टेबलावर हा जबाब कुठंच अडला नाही. प्रमाणपत्र आलं. धम्मप्रिया मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि हसून म्हणाल्या, “जा ताई, तुमची वानरसेना वाट बघतेय.” सुकन्या वर्गात गेली तेव्हा पोरांनी तिला अक्षरशः खाली पाडलं. कुणी पाठीवर, कुणी गळ्यात. ती हसत होती आणि रडत होती, आणि जिचा गुडघा फुटला होता ती मुलगी तिचा पदर मुठीत धरून बसली ती दुपारपर्यंत सोडायला तयार नव्हती. सुकन्याला वाटलं, सुटले एकदाची.

संक्रांत झाली आणि एका सकाळी तिला ऑफिसात बोलावणं आलं. मॅडमच्या समोर अण्णाराव बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, मांडीवर पिशवी.

“ताई, तुम्ही काही बोलला नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “आजोबा रेणुकाला न्यायला आलेत. तिकडच्या शाळेत घालणार म्हणे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी वडिलांचा अर्ज आणलाय, सही आहे.”

अर्जावर वैजनाथची सही होती. पोरीच्या बारशालाही न आलेल्या माणसानं हैदराबादेत बसून सही करून पाठवली होती.

“मी नाही पाठवणार तिला,” सुकन्या कसंबसं म्हणाली.

“कामून?” अण्णाराव शांतपणे म्हणाले. “मॅडम, सूनबाई आमच्याकडं नांदती. पोलिसाच्या कागदात हाय, तुमच्या फायलीत बी हाय. ही हितं कामाला ऱ्हाते, ऱ्हाऊ द्या की. पर लेकरू आपल्या घरी नगं का?”

मॅडम कपाटातली फाइल काढायला शेजारच्या खोलीत गेल्या. अण्णाराव सुकन्याकडं वळले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता, आणि त्यात राग नव्हता. “तुझ्यासाठी मी खोटं लिवलो, सुकन्या. या वयात लिवलो. तवापासून झोप न्हाई मला. तू कबूल म्हनली हुतीस. आता ते खरं करायला आलो.”

तिला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी त्यांचा गळा धरावासाही वाटला. हा माणूस फसवायला आला नव्हता. आपला हिशेब चुकता करायला आला होता, आणि त्यात तिची पोर जात होती.

मॅडम फाइल घेऊन परत आल्या. प्रमाणपत्र वरच होतं. त्यांनी ते पाहिलं, मग वैजनाथचा अर्ज पाहिला, मग सुकन्याचा चेहरा पाहिला. त्या काही भोळ्या नव्हत्या. “ताई, वडिलांचा अर्ज आहे, आणि आईचा पत्ताही तोच आहे. मला अडवायला काही कारण लागेल. मी एवढंच विचारते. या कागदामागं जो जबाब आहे, तो खरा आहे ना?”

हो म्हटलं तर नोकरी राहत होती, खोली राहत होती, वर्ग राहत होता. रेणुका तेवढी जीपमध्ये बसून जाणार होती, त्या ओसरीवर मोठी होणार होती, आणि एक दिवस कुठंतरी नांदायला जाणार होती. नाही म्हटलं तर हातात काहीच राहत नव्हतं. उलट खोट्या कागदावर मुलांत वावरलेली बाई, असं नाव व्हायचं. सुकन्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

“खोटा आहे,” ती म्हणाली. “मी तिथं नांदत नाही. चार वर्षं झाली. नवरा मला नांदवत नाही, आणि मी जाणारही नाही.”

अण्णारावांनी डोळे मिटून घेतले. “चारचौघांत मला खोटा पाडलीस,” एवढंच ते पुटपुटले.

धम्मप्रिया मॅडमनी वैजनाथचा अर्ज परत त्यांच्यापुढं सरकवला. “आई नाही म्हणतेय. घरातला वाद आधी मिटवा, मग या. मी आज दाखला देणार नाही.” मग त्यांनी चष्मा काढला. सुकन्याकडं बघायचं त्यांनी टाळलं. “आणि ताई, हे मला आता वर कळवावं लागेल. मी ऐकलंच नाही असं नाही करता येणार.”

“कळवा,” सुकन्या म्हणाली. “मी वर्गाची किल्ली नीलाबाईकडं देते.”

पहिलीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. सुकन्या दाराशी गेली, पण आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच तिनं रेणुकेला हाक मारली. फळ्यावर बाई दुसऱ्या दिवसाचा गृहपाठ लिहीत होत्या. रेणुकेनं दप्तर आवरायला घेतलं, आणि पेन्सिल हातात धरून आईकडं पाहिलं.

“आई, उद्याचा अभ्यास लिहून घेऊ का?”

सुकन्यानं एकदा फळ्यावरचा गृहपाठ पाहिला. वर्गातली सगळी पोरं तिच्याकडं बघत होती.

“घे,” ती म्हणाली. “सगळा लिहून घे.”